बोअरच्या पाण्यातले लोह कसे मोजावे: फिनान्थ्रोलिनची पद्धत

बोअरचे पाणी बादलीत पडते तेव्हा काचेसारखे नितळ असते. तासाभराने पाहावे, तर वर तांबूस साय धरलेली असते आणि तळाला पिवळट-तपकिरी गाळ बसलेला असतो. जमिनीखाली ऑक्सिजन नसल्यामुळे लोह फेरस रूपात विरघळलेले राहते. हवा लागली की ते फेरिक होते आणि हायड्रॉक्साइड बनून पाण्यातून बाहेर पडते. कोकणात आणि गोव्यात, जिथे जांभ्याखालून पाणी येते, तिथे हे रोजचे दृश्य आहे. धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांवर पडणारे तांबडे डाग त्याचेच.

जे बादलीत घडते तेच नमुन्याच्या बाटलीतही घडते. म्हणून लोहाच्या मोजणीतल्या बहुतेक चुका रंग उमटण्याआधीच होऊन गेलेल्या असतात. एक तर बाटलीतले लोह निसटून काचेला किंवा प्लॅस्टिकला चिकटते, नाही तर बाहेरचे लोह नमुन्यात शिरते. फिनान्थ्रोलिन हे लोहाशी जुळून रंग देणारे रसायन; रंग जितका गडद तितके लोह जास्त. त्याचा रंग फार गुणी आहे, तो क्वचितच दगा देतो. सगळी काळजी घ्यायची ती त्याच्या आधीच्या टप्प्यांवर.

पिण्याच्या पाण्यासाठी आयएस 10500 या मानकाच्या 2012 च्या आवृत्तीत लोहाची मर्यादा लिटरला 0.3 मिलिग्रॅम होती. नंतरच्या दुरुस्तीने ती 1.0 मिलिग्रॅम झाली. आपली पद्धत या दोन्ही आकड्यांच्या आसपास विश्वासाने चालली पाहिजे, असे धरून पुढची मापे दिली आहेत.

रंग कशाचा

1,10-फिनान्थ्रोलिनचे तीन रेणू एका फेरस आयनाभोवती घट्ट बसतात आणि नारिंगी-तांबडा संयुग बनतो. हा संयुग 510 नॅनोमीटरला प्रकाश सर्वाधिक शोषतो. त्याची मोलर शोषकता, म्हणजे ठरावीक मात्रेला किती प्रकाश शोषला जातो याचे माप, सुमारे 11,100 आहे. म्हणजे 1 सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये (यंत्रात द्रावण ठेवायच्या पारदर्शक कुपीत) लिटरला 1 मिलिग्रॅम लोह असलेल्या द्रावणाचा ॲब्सॉर्बन्स, म्हणजे शोषलेल्या प्रकाशाचे वाचन, साधारण 0.20 येतो. हा आकडा लक्षात ठेवा. स्टँडर्डचे (लोहाची मात्रा माहीत असलेल्या द्रावणाचे) वाचन याच्या जवळपास येत नसेल तर काही तरी बिघडले आहे हे लगेच कळते. स्पेक्ट्रोफोटोमीटर नसेल तर हिरव्या फिल्टरच्या, 520 नॅनोमीटरच्या कलरीमीटरवरही काम भागते. लोहाच्या मात्रेसमोर ॲब्सॉर्बन्स मांडून काढलेल्या रेषेचा उतार थोडा कमी मिळेल, पण रेषा सरळच येईल.

शाळा-कॉलेजात शिकवली जाणारी थायोसायनेटची पद्धत फेरिक लोहावर चालते. तिचा रक्तासारखा लाल रंग देखणा असला तरी तो फिकट होत जातो आणि उजेडाने, उष्णतेने बदलतो. फिनान्थ्रोलिनचा रंग तासन्‌तास तसाच राहतो. फेरोझीन हे अभिकर्मक (रंग देणारे रसायन) 562 नॅनोमीटरला जवळपास अडीचपट संवेदनशील आहे, पण महाग आहे. बोअरच्या पाण्याला फिनान्थ्रोलिन पुरते.

द्रावणे

सगळी द्रावणे ऊर्ध्वपातित किंवा डीआयोनाइज्ड पाण्यात करा. बाजारात कॅनमधून मिळणारे बॅटरीचे पाणी चालते का, हे लेबल वाचून ठरवू नका. ब्लँक, म्हणजे लोह न घालता तीच सगळी क्रिया केलेला फ्लास्क, काय दाखवतो त्यावर ठरवा.

हायड्रॉक्सिलअमीन हायड्रोक्लोराइड: 10 ग्रॅम, 100 मिली पाण्यात. हे फेरिकचे फेरस करते. विषारी आणि त्वचेला त्रासदायक आहे, तेव्हा हातमोजे घाला आणि कोरडी पूड उडू देऊ नका.

फिनान्थ्रोलिन: मोनोहायड्रेट 100 मिलिग्रॅम, 100 मिली पाण्यात. थंड पाण्यात ते सहज विरघळत नाही. 80 अंशांपर्यंत गरम करून ढवळा, उकळू नका. गरम करायचे नसेल तर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले तरी विरघळते. बाटली अंधारात ठेवा आणि द्रावण काळपट पडले की फेकून नवे करा.

बफर (द्रावणाचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, ठरावीक पातळीवर धरून ठेवणारे द्रावण): अमोनियम ॲसिटेट 50 ग्रॅम 30 मिली पाण्यात विरघळवा, त्यात ग्लेशियल ॲसिटिक आम्ल 140 मिली मिसळा. हे काम धुराडी असलेल्या कपाटातच करा. अमोनियम ॲसिटेटमध्ये लोहाचा अंश बऱ्याचदा जाणवण्याइतका असतो. त्यामुळे बफरची नवी बाटली केली की कॅलिब्रेशनही, म्हणजे स्टँडर्डांच्या वाचनांवरून रेषा काढण्याचे कामही, नव्याने करावे लागते. जुन्या वक्रावर नवा बफर वापरणे ही नेहमीची चूक आहे, आणि ती पकडायला अवघड जाते, कारण सगळे नमुने सारखेच वर सरकतात.

स्टँडर्ड: मोहरचे मीठ, म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट हेक्साहायड्रेट, 0.7022 ग्रॅम तोला. 50 मिली पाण्यात तीव्र सल्फ्युरिक आम्ल 20 मिली हळूहळू सोडून थंड केलेल्या द्रावणात ते विरघळवा आणि 1 लिटरला भरा. मिळते लिटरला 100 मिलिग्रॅम लोह. मिठाचे स्फटिक फिकट निळसर-हिरवे हवेत. वर पिवळट पूड दिसत असेल तर ते जुने झाले आहे, वजन खोटे ठरेल. या द्रावणातले 10 मिली 100 मिलीला पातळ केले की कामाचा स्टँडर्ड मिळतो, 1 मिलीत 10 मायक्रोग्रॅम लोह. तो रोजच्या रोज करा.

काच

फ्लास्क, पिपेट, बीकर, ढवळायची काचकांडी, सगळे 1:1 हायड्रोक्लोरिक आम्लाने खळबळून मग शुद्ध पाण्याने चार-पाच वेळा धुवा. या कामाची काच वेगळी ठेवली तर उत्तम. धुतलेली काच उपडी करून झाकून ठेवा. खिडकीच्या कट्ट्यावर तांबड्या मातीची धूळ बसत असेल तर त्या खिडकीखाली उघडा फ्लास्क ठेवू नका.

लोखंडाचे सामान तर प्रयोगशाळेत भरलेलेच असते. तिपाई, तारेची जाळी, बर्नरची कड, स्टँडचे रिंग. नमुना उकळताना गंजाचा एक पापुद्रा आत पडला तरी निकाल हातचा गेला. त्याचा हिशोब करून पाहा: 0.05 मिलिग्रॅम गंज म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसेल असा कण. त्यात निम्म्याहून जास्त लोह असते. 50 मिली नमुन्यात त्याने लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमहून जास्त भर पडते, म्हणजे एका कणाने पाणी जुन्या मर्यादेबाहेर गेले. म्हणून बर्नरपेक्षा हॉटप्लेट बरी, आणि शंकूफ्लास्कच्या तोंडावर छोटी काचेची नसराळी ठेवली की वरून काही पडत नाही. रसायन काढायला स्टीलचा चमचा नको, प्लॅस्टिकचा घ्या.

नमुना घेताना

पंप आधी दहा-पंधरा मिनिटे चालू द्या. पाइपात रात्रभर साचलेले पाणी बोअरचे नसते, ते पाइपाचे असते. केसिंग लोखंडी असेल तर ते लोहही त्यात उतरते. पॉलिथिनची आम्लाने धुतलेली बाटली घ्या.

एकूण लोह मोजायचे असेल तर बाटली भरताक्षणी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल टाका, 100 मिलीला 2 मिली. आम्लात लोह खाली बसत नाही आणि भिंतीलाही चिकटत नाही. फक्त विरघळलेले लोह हवे असेल तर नमुना तिथल्या तिथे 0.45 मायक्रॉनच्या पडद्यातून गाळा आणि मग आम्ल टाका. क्रम उलटा झाला तर गाळही विरघळून मोजला जातो. प्रयोगशाळेत आणून गाळणे निरुपयोगी आहे, तोवर निम्मे फेरस गाळ होऊन बसलेले असू शकते.

आम्ल न टाकता आलेली बाटली हातात पडली तर? ती उजेडासमोर धरून तिरकी करा. तळाच्या कडेला तपकिरी अर्धचंद्र दिसेल, आणि बोट आत फिरवल्यास भिंतीवर बुळबुळीत थर लागेल. मोजायचे लोह बहुतांशी तिथेच आहे. वरचे पाणी ओतून मोजू नका, आणि हलवून लगेच पिपेटने काढूनही चालणार नाही. पाण्याचे आकारमान मोजून त्याच बाटलीत 100 मिलीला 2 मिली आम्ल टाका, झाकण लावून हलवा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा हलवा आणि मगच 50 मिली काढा. अहवालात तसे नोंदवा.

उकळणे आणि रंग

50 मिली नमुना 125 मिलीच्या शंकूफ्लास्कमध्ये घ्या. आम्ल न टाकलेला असेल तर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल 2 मिली टाका. बाटलीतच आम्ल टाकलेले असेल तर 50 मिलीत 1 मिली आधीच आले आहे, फक्त 1 मिली आणखी टाका. ही बाब किरकोळ वाटते, पण नाही, आणि ती पुढे समजावून सांगितली आहे. मग हायड्रॉक्सिलअमीनचे द्रावण 1 मिली. आम्लाने धुतलेले दोन-तीन काचमणी टाका, नाहीतर उकळताना उसळी मारते. आकारमान 15 ते 20 मिली उरेपर्यंत मंद उकळा.

या उकळण्याने तीन कामे एकदम होतात. गाळरूपातले लोह विरघळते. सायनाइड आणि नायट्राइट निघून जातात. पॉलिफॉस्फेट मोडून साधे फॉस्फेट होते, आणि ते लोहाला एवढे बांधून ठेवत नाही. कोरडे पडू देऊ नका, लोह काचेवर भाजले गेले की परत निघायला वेळ लागतो.

गार झाल्यावर 50 मिलीच्या व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्कमध्ये ओता, शंकूफ्लास्क थोड्या थोड्या पाण्याने दोनदा धुऊन तेही त्यात घाला. बफर 10 मिली, मग फिनान्थ्रोलिन 4 मिली. खुणेपर्यंत भरा, बूच लावून उलटसुलट हलवा, 10 मिनिटे थांबा. फिनान्थ्रोलिन पडताना पाहिले तर आधी पिपेटच्या टोकापाशी नारिंगी धागा दिसतो, मग तो पसरून सगळे द्रावण केशरी होते. धागा दिसतो पण हलवल्यावर फार सावकाश गडद होत जातो, असे वाटले तर पीएच खाली गेला आहे.

आता त्या 1 मिली आम्लाची गोष्ट. रंग 2.9 ते 3.5 या पीएचमध्ये झपाट्याने येतो, तर तयार झालेला रंग 3 ते 9 मध्ये टिकतो. 10 मिली बफरमध्ये सुमारे 31 मिलिमोल ॲसिटेट आहे. 2 मिली तीव्र आम्लात सुमारे 24 मिलिमोल आम्ल. उरलेल्या ॲसिटेटने पीएच साडेतीनच्या आसपास येऊन थांबतो, म्हणजे हिशोब जेमतेम बसतो. तेच आम्ल 3 मिली पडले तर 36 मिलिमोल होते, ॲसिटेट संपते, पीएच कोसळतो आणि रंग येतच नाही किंवा अर्धवट येतो. नायट्रिक आम्ल टाकून आलेल्या नमुन्यांतही हीच अडचण येते. शंका असेल तर फ्लास्कमधला एक थेंब काचकांडीने पीएच पट्टीवर टाकून पाहा. क्रमही बदलू नका: बफर आधी आणि हायड्रॉक्सिलअमीन नंतर, असे झाले तर फेरिकचे फेरस नीट होण्याआधीच आम्लता उतरते आणि निकाल कमी येतो.

फिनान्थ्रोलिन पुरेसे आहे का, हेही पाहा. 1 मिली अभिकर्मक साधारण 100 मायक्रोग्रॅम लोहापुरते असते, म्हणून 4 मिलीत 400. लिटरला 10 मिलिग्रॅम लोहाच्या पाण्याचे 50 मिली घेतले तर 500 मायक्रोग्रॅम येतात, अभिकर्मक अपुरे पडते आणि वाचन एका उंचीवर अडकून बसते. पाणी आधीच तांबूस दिसत असेल तर 10 किंवा 5 मिली घेऊन 50 ला भरा आणि हिशोबात तेवढे धरा. तेव्हा आम्लही मोजून पुरे करा, एकूण 2 मिली झाले पाहिजे.

कॅलिब्रेशन आणि ब्लँक

कामाच्या स्टँडर्डचे 0, 1, 2, 4, 6, 8 आणि 10 मिली सात शंकूफ्लास्कमध्ये घ्या, प्रत्येकी पाण्याने सुमारे 50 मिली करा आणि नमुन्यावर केलेली प्रत्येक क्रिया यांच्यावरही करा, उकळण्यासकट. वेळ वाचवायला स्टँडर्ड न उकळता रंगवले तर उकळताना होणारी दूषितता फक्त नमुन्यांच्या वाट्याला येते, आणि ती पाण्यातले लोह म्हणून मोजली जाते. 0 ते 100 मायक्रोग्रॅमची रेषा सरळ यावी, उतार मायक्रोग्रॅमला साधारण 0.004.

0 मिलीचा फ्लास्क हा ब्लँक. ब्लँकने यंत्र शून्य करून विसरून जाण्याची पद्धत सोयीची आहे, पण त्याने चूक झाकली जाते. यंत्र शुद्ध पाण्यावर शून्य करा, ब्लँक स्वतंत्र वाचा आणि वहीत लिहा. रोज 0.010 च्या आसपास येणारा ब्लँक एक दिवस 0.040 आला, तर साडेसात मायक्रोग्रॅमच्या जवळपास जादा लोह कुठून तरी आले आहे. ते कुठून, हे एकेक वस्तू बदलून शोधा: पाणी, मग आम्ल, मग बफर, मग काच. आम्ल आणि बफर यांतच ते बहुधा सापडते. त्या दिवशीचे नमुने मात्र पुन्हा करा. वजाबाकी करून सोडवू नका, कारण अशी दूषितता सगळ्या फ्लास्कमध्ये सारखी नसते.

एक हिशोब पाहू. नमुन्याचे वाचन 0.142, ब्लँक 0.012, उतार 0.0040. फरक 0.130, म्हणजे 32.5 मायक्रोग्रॅम. 50 मिलीने भागले की लिटरला 0.65 मिलिग्रॅम. आता त्याच नमुन्याच्या दुसऱ्या 50 मिलीत 2 मिली कामाचा स्टँडर्ड, म्हणजे 20 मायक्रोग्रॅम, सुरुवातीलाच टाकून पूर्ण क्रिया करा. वाचन 0.216 आले तर 51.0 मायक्रोग्रॅम, परत मिळाले 18.5, म्हणजे 92.5 टक्के. 90 ते 110 च्या आत असेल तर पाण्यातले काही रंगाला अडवत नाही असे समजा. दर दहा नमुन्यांमागे एक तरी असा करा.

परत मिळणारा वाटा कमी आला तर कारणे शोधावी लागतात. जस्त आणि क्रोमियम लोहाच्या दहापटीहून जास्त असतील, तांबे किंवा कोबाल्ट लिटरला 5 मिलिग्रॅमवर असेल, निकेल 2 मिलिग्रॅमवर असेल, तर अडथळा येतो. कॅडमियम, पारा, चांदी आणि बिस्मथ फिनान्थ्रोलिनचाच साका पाडतात. साध्या बोअरच्या पाण्यात हे धातू एवढे नसतात. कारखान्याच्या सांडपाण्याला मात्र ही पद्धत डोळे मिटून लावू नका. जास्त हायड्रॉक्सिलअमीन टाकल्याने क्लोरीनसारख्या ऑक्सिडीकारकांचा त्रास संपतो, पण धातूंचा नाही.

पाण्याला स्वतःचा पिवळसर रंग किंवा गढूळपणा उरला असेल तर त्या नमुन्याचा आणखी एक फ्लास्क करा, सगळे टाकून फक्त फिनान्थ्रोलिनऐवजी पाणी. त्याचे वाचन वजा करा. क्युव्हेट वाचण्याआधी बाजूने पाहा, आत बारीक बुडबुडे चिकटलेले नसावेत. गार फ्लास्कमधले द्रावण उबदार खोलीत आले की बुडबुडे धरतात आणि ॲब्सॉर्बन्स 0.01 ने सहज वर जातो. बोटांचे ठसे टिश्यूने पुसा आणि क्युव्हेटची खूण नेहमी त्याच बाजूला ठेवा.

फक्त फेरस हवे असेल तर

लोह काढायचा फिल्टर बसवायचा की नाही, हे ठरवताना फेरस आणि फेरिक वेगळे माहीत असणे उपयोगी असते. तेव्हा हायड्रॉक्सिलअमीन आणि उकळणे दोन्ही वगळा. बोअरपाशीच आम्ल टाकलेल्या नमुन्याचे 50 मिली, फिनान्थ्रोलिन 20 मिली, बफर 10 मिली, 100 मिलीला भरा आणि पाच ते दहा मिनिटांत वाचा. अभिकर्मक एवढे जास्त यासाठी की फेरस चटकन पकडले जावे. फ्लास्क उन्हात ठेवू नका, उजेडाने फेरिकचे फेरस होऊन रंग वाढत जातो. या मोजणीसाठी 100 मिलीच्या फ्लास्कमध्ये वेगळे कॅलिब्रेशन हवे, 50 मिलीचे चालणार नाही.

शेवटी कमी मात्रेचे निकाल. सात ब्लँक पूर्ण क्रियेने करून त्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे वाचने किती विखुरली आहेत याचे माप, काढा. ते 0.0015 असेल तर त्याच्या तिप्पट 0.0045, उताराने भागले की 1.1 मायक्रोग्रॅम, 50 मिली नमुन्यासाठी लिटरला सुमारे 0.02 मिलिग्रॅम. याच्या खालचे वाचन आले तर अहवालात शून्य लिहू नका, "0.02 पेक्षा कमी" असे लिहा. याहून खाली जायचे असेल तर 5 सेंटीमीटरची क्युव्हेट वापरा, लिटरला 0.01 मिलिग्रॅमपर्यंत मोजता येते, मात्र ब्लँक तेवढाच स्वच्छ हवा. उरलेले रंगीत द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. फिनान्थ्रोलिन पाण्यातल्या जिवांना घातक आहे, ते वेगळ्या कॅनमध्ये साठवून रासायनिक कचऱ्याबरोबर द्या.